नेपाळमध्ये शाळा बांधायला विद्यार्थी पाठवावेत का?

जोते

नमस्कार. मी सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेला शिकवतो. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत नेपाळच्या जाजरकोट जिल्ह्यात जाऊन एका गावातील शाळेच्या दोन वर्गखोल्या बांधण्यासाठी श्रमदान करावे, असा प्रस्ताव बाहेरगावच्या एका सेवाभावी संस्थेने महाविद्यालयाकडे पाठवला आहे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री तेथे झालेल्या भूकंपात जाजरकोट आणि पश्चिम रुकुम या दोन जिल्ह्यांत मिळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. घरांबरोबर शाळाही पडल्या. त्यामुळे गरज खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. मुक्काम दोन आठवड्यांचा आहे, खर्च प्रत्येकी साठ-सत्तर हजारांच्या घरात जाईल आणि शेवटी प्रमाणपत्र मिळेल.

मुले उत्साहात आहेत. काहींनी तर सुरक्षा बूट आणि हातमोजे कोठे मिळतील याची चौकशीही सुरू केली आहे. विभागप्रमुखांनी माझे मत लेखी मागितले आहे आणि तेथेच माझे गाडे अडले आहे. मुलांना या प्रवासातून काय मिळेल याचे वर्णन प्रस्तावात भरपूर आहे. त्या गावाला या मुलांकडून नेमके काय मिळेल, हे मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. ज्यांनी अशी कामे जवळून पाहिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. परदेशी जाणे चांगले की वाईट या सर्वसाधारण चर्चेपेक्षा, होकार द्यायचा तर कोणत्या अटींवर द्यावा, हे मला हवे आहे.

होटगी_रोडचा_पालक

सर, आपण ज्या मुलांविषयी लिहीत आहात तशाच एका मुलीचा मी बाप आहे. कदाचित त्याच तुकडीतील असेल. मुलीचे म्हणणे असे की आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाबाहेरचे बांधकाम पाहायला मिळेल. माझे म्हणणे असे की ते विजापूर रोडला रोज पाहायला मिळते, आणि त्याला साठ हजार लागत नाहीत. आजी या वादात पडत नाही. ती फक्त शेंगाची चटणी किती दिवस टिकते याचा हिशेब करत आहे.

माझे प्रश्न साधे आहेत. तेथे कोणी आजारी पडले तर दवाखाना किती तासांवर आहे? मुलीकडे पासपोर्ट नाही, आधारकार्ड चालेल का? आणि हे पैसे देणगी म्हणून दाखवता येतील, असे संस्थेच्या माणसाने फोनवर सांगितले, ते खरे आहे का?

ताळेबंद

दवाखान्याचे मला सांगता येणार नाही. कागदपत्रे आणि पैसे यांविषयी लिहितो, कारण माझा व्यवसाय तोच आहे.

भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. मात्र प्रौढ व्यक्तीकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. आधारकार्ड त्यासाठी प्रवासाचा कागद म्हणून धरले जात नाही. नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या अनेक मुलांनी मतदार नोंदणी केलेली नसते, हे आयत्या वेळी लक्षात येते. सोलापूरच्या मुख्य पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्राची सोय आहे, तेव्हा अर्ज आजच करावा. प्रवास रद्द झाला तरी पासपोर्ट वाया जात नाही.

देणगीविषयी. मुलाने स्वतःच्या प्रवासाचे, जेवणाचे आणि राहण्याचे भरलेले पैसे ही देणगी नव्हे, तो मोबदला देऊन घेतलेल्या सेवेचा खर्च आहे. त्याची पावती देणगी म्हणून फाडली जात असेल तर तेथेच सावध व्हावे. दुसरे असे की आपल्याकडील धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेला खर्च आयकर कायद्याच्या दृष्टीने धर्मादाय खर्च म्हणून आपोआप धरला जात नाही. त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. म्हणून संस्थेला विचारावे, की गावातील सिमेंट आणि सळईचे पैसे कोण देते, कोणत्या मार्गाने देते आणि नेपाळमध्ये ते कोणाच्या खात्यात जातात. नेपाळमध्ये काम करणाऱ्या परदेशी संस्थांना तेथील समाज कल्याण परिषदेशी करार करून स्थानिक संस्थेमार्फत काम करावे लागते. त्या स्थानिक संस्थेचे नाव आणि नोंदणी प्रस्तावात आहे का? नसेल तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही.

ओळंबा

मूळ प्रश्न बांधकामाचा आहे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापुरात पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होतो. आदल्या दिवशीच्या गणपती विसर्जनाने थकलेली गावे झोपेत असताना लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्यासारखी शेकडो मुले उमरग्याच्या बाजूला गेली. पहिल्या दिवसांत त्या मुलांचा उपयोग झाला, हे मी ठामपणे सांगतो. ढिगारे उपसणे, जेवण पोहोचवणे, नावांच्या याद्या करणे, यांसाठी हात लागतात आणि त्या हातांना कौशल्य नसले तरी चालते. बांधकाम सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले, आणि आपला प्रश्न त्या दुसऱ्या काळाचा आहे.

जी घरे पडली त्यांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या आणि मातीच्या गाऱ्याच्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला त्या किल्ल्यासारख्या वाटत. प्रत्यक्षात बाहेरच्या दगडांची एक फळी, आतल्या दगडांची दुसरी फळी आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती असा तो प्रकार होता. दोन्ही फळ्यांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड पुष्कळ ठिकाणी नव्हता. जमीन हलताच फळ्या एकमेकींपासून सुटल्या, भिंती फुगून बसल्या आणि वर्षानुवर्षे मातीचे थर चढलेले माळवद झोपलेल्या माणसांवर आले. जाजरकोटलाही दगड-मातीची घरेच प्रामुख्याने पडली. तेव्हा जोते सरांच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. तो आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा आहे.

किल्लारीनंतर दोन प्रकारची कामे झाली. जी गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली त्यांतील पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसवली गेली. ती बरीचशी ठेकेदारांकडून आणि देणगीदार संस्थांकडून बांधली गेली. सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारखी घरे कागदावर सुरेख दिसली, पण गोठा कोठे, कडब्याची गंजी कोठे, भावकीचा वाडा कोठे, हे विचारायला वेळ कोणाला नव्हता. दुसरे काम कमी गाजले. ज्या गावांत घरे उभी होती पण दुबळी झाली होती, तेथे घरमालकाला सरकारी अनुदान आणि तांत्रिक मार्गदर्शन देऊन त्याच्याकडूनच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करून घेतले गेले. गावातीलच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, साहित्य कोठून घ्यायचे, अभियंता काय सांगतो आहे, हे त्या घरोघरी समजावत.

त्या दुसऱ्या कामात मी काही काळ होतो. भिंतीला आरपार बांधण्यासाठी ठराविक अंतरावर दगड काढून भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे, अशी ती पद्धत होती. ऐकायला हे सोपे वाटते. दगड हातोड्याने ठोकून काढला तर शेजारचे चार दगड सैल होतात, म्हणून आमचा गवंडी सळईच्या टोकाने दगडाभोवतीची माती उकरत असे, दगड हलका झाला की दोन्ही हातांनी डुलवत बाहेर घेई, आणि आतला भराव भसकन बाहेर येऊ नये म्हणून दुसरा हात भोकाच्या तोंडाशी तयार ठेवी. आम्ही विद्यार्थी काय करत होतो? खडूने जागा आखून देत होतो, दोन भोकांतील अंतर मोजत होतो, सळईचा आकडा बरोबर वळला आहे का ते पाहत होतो आणि काँक्रीटवर पाणी मारले जाते की नाही याची वही ठेवत होतो. थापी आमच्या हातात कोणी दिली नाही, आणि ते योग्यच होते.

म्हणून जोते सर, माझे पहिले म्हणणे असे आहे की मुलांना 'भिंत बांधायला' पाठवू नका. ज्या भिंतीखाली उद्या मुले बसणार आहेत, ती शिकाऊ हाताने बांधायची नसते, मग ती जाजरकोटची असो की जुळे सोलापुरातली. मोजमाप, आखणी, सळईची तपासणी, वाळूतील गाळ पाहणे, काँक्रीटच्या पाण्याचे प्रमाण राखणे, पाणी मारण्याची नोंद ठेवणे ही कामे तिसऱ्या वर्षाचा मुलगा चोख करू शकतो, आणि डोंगराळ भागात अशा देखरेखीचीच टंचाई असते.

दुसरे म्हणणे वेळेचे. पाया, जोते, पट्टे (भिंतींना सगळीकडून बांधून ठेवणारे काँक्रीटचे आडवे थर), भिंती, छप्पर हे सगळे दोन आठवड्यांत होत नाही. नुसते काँक्रीट म्हटले तरी सात दिवस तरी पाणी मारावे लागते. मुले नेमकी कोणत्या टप्प्यावर पोहोचणार आहेत, हे संस्थेने लिहून द्यावे.

सातरस्ता

या सगळ्यात एक गोष्ट मला समजत नाही. सोलापूर जिल्ह्यात काय कमी आहे म्हणून नेपाळ गाठायचे? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा आणि मोहोळ तालुक्यांतील लोकांचे संसार पाण्यात गेले. तेथे जाऊन दोन आठवडे राबा. भाडे शंभर-दीडशे रुपये. पण तेथील छायाचित्रांना समोर हिमालय दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

विडीघरकुल

सातरस्ता यांचा टोमणा अगदीच बिनबुडाचा नाही. पण 'आधी घरचे पाहा' म्हणणारे पुष्कळदा घरचेही पाहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मी ज्यांच्यासाठी घरे बांधली जातात त्यांच्यापैकी आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते.

माझी आई विडी कामगार. आम्ही कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहायला गेलो तेव्हा मी शाळेत होते. दहा हजार घरांची ती वसाहत २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. पुढे त्याच परिसरात रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि तिच्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. या दोन्हींच्या मागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली बायकांनी काढलेले मोर्चे होते. गोदूताई वसाहतीत केंद्राचा वाटा होता, राज्याचा वाटा होता आणि माझ्या आईचाही वाटा होता. तो तिने विड्या वळून भरला. त्यामुळे घर लहान असले तरी 'कोणी तरी दिले' असे ती कधी म्हणत नाही.

आमच्याकडेही पाहुणे येत. बाहेरून मुले येत, आमच्याबरोबर छायाचित्रे काढत, आम्हाला बिस्किटे देत. माणसे वाईट नव्हती. पण एकदा एका गटाने आमच्या गल्लीतील अंगणवाडीची भिंत रंगवली, आणि ज्या दिवशी रंगवली त्या दिवशी अंगणवाडी बंद ठेवावी लागली. रंगारी आमच्याच गल्लीत राहत होता. तो दारात बसून पाहत होता. त्याला कोणी विचारले नाही. त्याने पैसेही मागितले नसते कदाचित, पण विचारायला हवे होते.

जोते सर, त्या गावातील शाळेच्या व्यवस्थापन समितीने या मुलांना बोलावले आहे का? 'संस्थेने गाव निवडले' आणि 'गावाने संस्था बोलावली' यांत मला तरी मोठे अंतर दिसते. समितीचे सही-शिक्क्याचे पत्र मागवा. त्यात मुलांकडून कोणते काम हवे आहे ते त्यांच्या शब्दांत लिहिलेले असावे.

चढण

मी हे काम केलेले आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. २०१५ च्या २५ एप्रिलला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे गेली. त्यानंतर पुनर्बांधणी रंगात असताना मी विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर गोरखा जिल्ह्यात गेलो होतो.

तेथील सरकारने घरमालकाला तीन लाख नेपाळी रुपये अनुदान ठरवले होते. ते तीन हप्त्यांत मिळे. करार झाल्यावर पन्नास हजार, जोत्यापर्यंत काम झाल्यावर दीड लाख आणि छपरापर्यंत गेल्यावर उरलेले एक लाख. प्रत्येक टप्प्यावर अभियंता येऊन पट्टे, कोपऱ्यांची बांधणी आणि आरपार दगड तपासत असे. ओळंबा सरांनी किल्लारीचे जे वर्णन केले आहे त्याचेच हे भावंड होते. घर मालकाचे, गवंडी गावचा, आराखडा मंजूर, पैसा टप्प्याटप्प्याने. या साखळीत आमची जागा कोठे, हा प्रश्न आम्हाला तेथे पोहोचल्यावर पडला, आणि संस्थेने त्याचे उत्तर असे काढले की आम्ही दगड वाहावेत.

डोंगरात गाडी जेथे थांबते तेथून पुढे सगळे साहित्य पाठीवरून जाते. बांबूचा डोको, म्हणजे टोपले, पाठीला, आणि त्याला बांधलेला नाम्लो, म्हणजे पट्टा, कपाळावर. पहिल्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही तो कपाळावर धरून चालता आले नाही. पोत्यात दगड भरून, दोघांनी दोन टोके धरून आम्ही चढण चढलो. माझ्या पुढे साठीच्या आसपासच्या एक बाई पाठीवरच्या टोपल्यात पूर्ण दगड भरून, मान न हलवता, मधूनच कोणाशी तरी बोलत वर जात होत्या. त्या थांबल्या की काठी टेकून भार तिच्यावर देत आणि आमची वाट पाहत. दोन दिवसांनी त्या दिसेनात. चौकशी केल्यावर कळले की वाहतुकीची मजुरी खेपेवर मिळते, आणि आम्ही फुकट वाहतो आहोत तोपर्यंत त्यांना खेप नाही. आम्ही ते काम थांबवले. संस्थेचे प्रतिनिधी नाराज झाले. त्यांच्या अहवालात 'स्वयंसेवकांनी वाहिलेला माल' असा एक रकाना होता.

आता दुसरी बाजू. त्या गावात धडधाकट पुरुष फार थोडे होते, बहुतेक आखातात किंवा मलेशियात होते. जाजरकोट आणि रुकुमकडचे तर मोठ्या संख्येने भारतातच मजुरीला येतात. तेव्हा 'गावात हात आहेत, तुमची गरज नाही' असे सरसकट म्हणता येत नाही. तेथे बायकांना गवंडीकामाचे प्रशिक्षण दिले जात होते. पुढचे दिवस आम्ही त्या वर्गात मदतनीस झालो. सळई कापणे, रिंगा (उभ्या सळयांना वेढणारी कडी) वळवणे, नमुन्याची भिंत मोडून पुन्हा रचण्यासाठी दगड लावून देणे, अशी कामे केली. रिंगेचे टोक काटकोनात न सोडता आत, काँक्रीटच्या गाभ्यात १३५ अंशांपर्यंत वळवायचे, हे मी वर्गात परीक्षेसाठी पाठ केले होते. हाताने वळवताना किती जोर लागतो आणि म्हणून ठेकेदाराचा माणूस ते का टाळतो, हे तेथे कळले. शिकवणारा डकर्मी, म्हणजे तेथील गवंडी, दगड हातात घेऊन दोनदा फिरवी, त्याचे तोंड ठरवी, आणि लांब दगड दिसला की तो बाजूला ठेवून देई. तो आरपार घालायचा म्हणून. आज मी संरचना अभियंता म्हणून काम करतो आणि दगडी बांधकामाची जी काही समज मला आहे ती तेथे आली. हे मूल्य मी नाकारणार नाही. पण ते मूल्य मला मिळाले, त्याचे पैसे मी दिले आणि त्या डकर्मीला माझ्यासाठी वेगळे काही मिळाले नाही, हा हिशेब मला आजही खटकतो.

आणि सर, एक अगदी व्यावहारिक गोष्ट. दिवाळीची सुट्टी म्हणजे तेथे तिहार. त्याच्या आधी दसैं. या दोन सणांच्या दिवसांत परगावी असलेली माणसे घरी येतात आणि कामे बंद राहतात. भाईटीकेच्या, म्हणजे भाऊबीजेच्या, दिवशी तुम्हाला साइटवर गवंडी मिळणार नाही. ज्या संस्थेने हे दोन आठवडे निवडले, तिने आपल्या विद्यापीठाचे वेळापत्रक पाहिले आहे. गावाचे पंचांग पाहिलेले दिसत नाही.

उत्तरकसबा

सोलापूरकरांनी या विषयावर चर्चा करावी आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघू नये, याचे आश्चर्य वाटले. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. भैय्या चौकातील त्यांचे स्मारक आजही परदेशी पाहुणे पाहायला येतात. 'येथे काय कमी आहे' असा हिशेब त्यांनी केला असता तर ते गेलेच नसते. तरुणांना जाऊ द्यावे.

ओळंबा

उत्तरकसबा, कोटणीसांचे नाव घेतलेत हे बरेच झाले, पण ते उदाहरण नीट वाचले तर माझ्याच बाजूने पडते. ते वैद्यकाची पदवी घेऊन गेले होते. पथक मागवले होते ते चीनच्या बाजूने, तेथील सेनानी झू दे यांनी नेहरूंना केलेल्या विनंतीवरून. बाकीचे परतले तरी ते थांबले, चिनी भाषा शिकले, तेथील रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथेच संसार केला आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. कौशल्य, निमंत्रण आणि दीर्घ मुक्काम, या तिन्ही गोष्टी तेथे होत्या. दोन आठवड्यांच्या प्रवासाला त्यांचे नाव जोडणे मला जड जाते.

उत्तरकसबा

मान्य. तरीही प्रत्येकाला कोटणीस होण्याची अट घातली तर कोणीच घराबाहेर पडणार नाही. परदेशी जाऊन श्रमदानाने बांधकाम करण्याची जी पद्धत आहे तिचा उगमही साध्या माणसांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने फ्रान्समधील व्हर्दुनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात अशी पहिली छावणी भरवली. सैन्यात सक्तीने भरती होण्याऐवजी तरुणांनी फावडे उचलावे, हा त्यामागचा विचार होता. हेच सेरेसोल १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात आले आणि राजेंद्र प्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेऊन मुझफ्फरपूर भागात गावे पुन्हा वसवण्याच्या कामात राबले. म्हणजे आपणही कधी काळी अशा मदतीचे यजमान होतो. अलीकडचे म्हणाल तर २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर ८२ व्या वर्षी विटा रचत होते, आणि त्यांच्याबरोबर देशोदेशीचे स्वयंसेवक होते. शंभर घरांचा तो प्रकल्प होता.

चढण

व्हर्दुनच्या त्या छावणीचा शेवटही सांगायला हवा. त्या तुकडीत जर्मन तरुणही होते. ज्यांचे गाव जर्मन तोफांनी उडवले होते त्या लोकांना ते रुचले नाही आणि काही महिन्यांतच काम थांबवावे लागले. हेतू उदात्त होता, पण यजमानांचा होकार पुरता मिळालेला नव्हता. बिहारला मात्र सेरेसोल येथील मदत समितीच्या चौकटीत शिरून काम करत होते, आणि एकदा येऊन गेले असे न करता पुन्हा आले. मळवलीतही घरे ज्या कुटुंबांची होती ती स्वतः कामावर होती आणि घराचे हप्ते फेडणार होती. विडीघरकुल ताईंनी आपल्या आईविषयी जे लिहिले आहे, तेच तत्त्व. त्यामुळे आपल्यात फार मतभेद आहेत असे मला वाटत नाही.

होटगी_रोडचा_पालक

सगळे वाचले. पासपोर्टचा अर्ज केला. मुलीलाही हा धागा वाचायला दिला. 'चढण' यांचे लिखाण तिने दोनदा वाचले आणि मग विचारले, की त्या बाईंना नंतर खेपा मिळाल्या का.

चढण

मिळाल्या. आम्ही वाहणे थांबवल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा चढणीवर दिसल्या. आमच्याशी मात्र फारशा बोलल्या नाहीत.

जोते

सर्वांचे आभार. आपण सुचवलेले प्रश्न मी संस्थेला लेखी पाठवले होते. उत्तर आले आहे, ते थोडक्यात असे.

स्थानिक भागीदार संस्थेचे नाव आणि नोंदणी मिळाली. शाळेच्या समितीचे पत्र मिळाले, पण ते मी विचारल्यानंतर लिहिले गेले आहे असे तारखेवरून दिसते. तरी त्यात एक उपयोगी वाक्य आहे. समितीला मजूर नको आहेत, तर दुसऱ्या खोलीच्या सळईचे काम आणि पट्ट्यांचे काँक्रीट तपासायला कोणी तरी हवे आहे, कारण सरकारी अभियंता त्यांच्याकडे क्वचित पोहोचतो. आराखडा मंजूर आहे आणि त्याची प्रत त्यांनी पाठवली. सणाचा मुद्दा त्यांनी मान्य केला आणि हिवाळी परीक्षेनंतरची तारीख द्यायला ते तयार आहेत. प्रत्येकी घेतल्या जाणाऱ्या रकमेतून गावाच्या साहित्यासाठी आणि गवंड्यांसाठी किती जाते, या प्रश्नाला मात्र 'प्रशासकीय खर्च वजा जाता उरलेली रक्कम' एवढेच उत्तर आहे.

त्यामुळे मी विभागप्रमुखांना असे मत देत आहे. एवढी मोठी तुकडी पाठवू नये. तिसऱ्या वर्षाचे, संरचना विषयात ज्यांचा हात बसला आहे असे मोजके विद्यार्थी आणि एक शिक्षक जावेत, मुक्काम दोन आठवड्यांऐवजी पूर्ण सुट्टीभर असावा आणि काम देखरेखीचे व नोंदीचे असावे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी येथेच बसून सळईचे वेळापत्रक, साहित्याचा अंदाज आणि तपासणीची सोपी यादी नेपाळी भाषेत तयार करून पाठवावी. देवनागरी वाचता येत असल्याने तेवढे त्यांना झेपेल, भाषा तपासायला तेथील शिक्षक आहेत. पैशाचा तपशील लेखी मिळेपर्यंत महाविद्यालयाने सही करू नये. सातरस्ता यांच्या सूचनेप्रमाणे सीनाकाठच्या एखाद्या शाळेची पाहणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात घेता येईल. ती याच्याऐवजी नव्हे, याशिवाय.

सातरस्ता

पाहणीला मी गाडी देतो. डिझेल तुमचे.

ओळंबा

आराखड्याची प्रत मला पाठवा, रविवारी पाहून देतो. खिडकीखालचा पट्टा, लिंटेलचा (दारा-खिडक्यांच्या वरचा) पट्टा आणि छपराखालचा पट्टा कोपऱ्यांत अखंड गेले आहेत का, आणि त्रिकोणी भिंतीच्या वरच्या कडेला पट्टा दाखवला आहे का, एवढे आधी बघेन. पुष्कळदा तेवढेच राहून जाते.

आणि संस्थेला आणखी एक विचारा. गवंड्यांची मजुरी रोजावर आहे की उक्त्या कामावर? उक्ते असेल तर मुलांना समजावून सांगण्यात गेलेला प्रत्येक तास त्या गवंड्याच्या खिशातून जातो. तसे असेल तर शिकवण्याचा रोज वेगळा धरून घ्या.

जोते

हा प्रश्न आजच पाठवतो. आराखडा आपल्या टपालपेटीत टाकला आहे.